सेंट बर्नार्ड : आखूड केस, लांब केस आणि हिमखिंडीतला निवाडा

१/
सेंट बर्नार्ड म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो झुबकेदार केसांचा, गळ्यात लाकडी पिंप अडकवलेला धिप्पाड कुत्रा. परंतु ज्या खिंडीने या जातीला नाव दिले, तेथील मठात लांब केसांची पिल्ले कामासाठी ठेवून घेत नसत. ती खाली दरीतल्या लोकांना देऊन टाकत. असे का, याचा हा इतिहास.

२/
स्वित्झर्लंडमधील मार्टिनी आणि इटलीतील आओस्ता यांना जोडणारी ग्रेट सेंट बर्नार्ड ही आल्प्समधील खिंड २,४६९ मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपट. इ. स. १०५० च्या सुमारास संत बर्नार्ड यांनी तिच्या माथ्यावर पांथस्थांसाठी धर्मशाळा उभारली. संत ऑगस्टीनच्या नियमावलीने चालणारे धर्मबंधू ती आजही सांभाळतात.

३/
या धर्मशाळेतील कुत्र्यांचा लेखी उल्लेख १७०७ पासून मिळतो. आरंभी राखणीसाठी पाळलेले हे कुत्रे पुढे वाटाड्यांबरोबर खिंडीत जाऊ लागले. धुक्यात हरवलेली वाट शोधणे, भुसभुशीत बर्फ तुडवत पुढे मार्ग करणे आणि हिमाखाली गाडल्या गेलेल्या माणसाचा वास काढणे, ही त्यांची कामे.

४/
यांतला सर्वांत नावाजलेला ‘बॅरी’. जन्म १८००. त्याने चाळीसहून अधिक जणांचे प्राण वाचवले, असे परंपरा सांगते. वाचवायला गेलेल्या माणसानेच त्याला मारले, ही कथा मात्र खोटी. म्हातारपणी त्याला बर्न शहरात आणले गेले आणि १८१४ मध्ये तेथेच त्याला मृत्यू आला. आजच्या सेंट बर्नार्डपेक्षा तो बराच लहान होता आणि त्याचे केस आखूड होते.

५/
आखूड केस म्हणजे विरळ केस नव्हेत. वरचा थर राठ आणि अंगाला चिकटून बसलेला, आतला थर मऊ आणि दाट. आतला थर ऊब धरतो. वरच्या थरावर पडलेले हिम अंग झटकताच गळून पडते. हिमात राबणाऱ्या प्राण्याला याहून सोयीचे पांघरूण नाही.

६/
१८१६ ते १८१८ चे हिवाळे फार कठोर गेले. हिमकडे कोसळून मठातील अनेक कुत्री दगावली. उरलेल्या मोजक्या कुत्र्यांमध्ये जवळच्या नात्यातले संकर वाढले आणि वंश दुबळा होऊ लागला. म्हणून १८३० च्या सुमारास कॅनडाकडील लांब केसांच्या न्यूफाउंडलंड जातीशी संकर करण्यात आला. नवे रक्त यावे आणि दाट केसांनी थंडीही अडावी, असा त्यामागचा हेतू सांगितला जातो.

७/
वंश सावरला, पण केसांनी दगा दिला. अंगाच्या उबेने लांब केसांत अडकलेले हिम वितळते आणि वाऱ्याने पुन्हा गोठते. पाहता पाहता पोटाखाली, पायांवर, बोटांच्या बेचक्यांत बर्फाचे गोळे लटकू लागतात. कुत्रा जड होतो, थकतो आणि ज्याला वाचवायला निघाला त्याच्याइतकाच असहाय होतो. दिसायला जे संरक्षण, तेच ओझे ठरले.

८/
मठाचा निवाडा साधा होता. जो हिमात टिकेल तो माथ्यावर राहील. आखूड केसांची पिल्ले मठात ठेवली जाऊ लागली आणि लांब केसांची दरीतल्या कुटुंबांकडे गेली.

९/
तरीही आखूड केसांच्या आई-बापांना मधूनच लांब केसांची पिल्ले होत राहिली. याचे उत्तर आनुवंशिकतेत आहे. आखूड केसांचा गुण प्रभावी, लांब केसांचा अप्रभावी. त्यामुळे तो पिढ्यान्‌पिढ्या लपून राहू शकतो. असे गुण कसे चालतात, हे ग्रेगोर मेंडेल यांनी १८६५ मध्ये वाटाण्यांवरून मांडले. तेही ब्रनो येथील ऑगस्टीनियन मठातलेच! कुत्र्यांमधील ‘एफजीएफ५’ या जनुकाचा केसांच्या लांबीशी असलेला संबंध मात्र २००६ मध्ये उलगडला.

१०/
याच नियमाची दुसरी बाजू दरीत दिसली. लांब केसांची जोडी जमवली की सर्व पिल्ले सहसा लांब केसांचीच होतात. म्हणजे मठाने बाजूला काढलेल्या पिल्लांपासून एक स्थिर वाण उभा करणे फारच सोपे होते. इंग्लंडमधील हौशी लोकांना तो भव्य, रुबाबदार वाण भावला. पिंपाची प्रतिमाही इंग्रजच : एडविन लँडसीअर यांच्या १८२० च्या चित्राने ती जगभर रुजवली.

११/
बर्नजवळच्या होलिगेनचे हाइनरिश शूमाखर मात्र जुन्या, बॅरीच्या वळणाच्या कुत्र्यांची नोंदवार पैदास करत राहिले. १८८४ मध्ये स्विस वंशनोंदवही सुरू झाली. तिच्यातली पहिली नोंद ‘लेऑन’ या सेंट बर्नार्डची. १८८७ मध्ये झुरिक येथील परिषदेत स्विस मानक मान्य झाले. आज आखूड आणि लांब, असे दोन्ही वाण एकाच जातीचे मानले जातात.

१२/
फॅशनचे बळ केवढे, हे बर्नच्या संग्रहालयात कळते. तेथे जतन केलेल्या बॅरीच्या देहाची १९२३ मध्ये पुन्हा मांडणी झाली, तेव्हा त्याचे डोके नव्या सेंट बर्नार्डसारखे दिसावे असे बदलले गेले. पूर्वजालाच वंशजांच्या साच्यात बसवले!

१३/
१९६४ मध्ये खिंडीखालून बोगदा झाला आणि माथ्यावरची वर्दळ ओसरली. २००५ पासून मठाच्या कुत्र्यांची पैदास मार्टिनी येथील बॅरी प्रतिष्ठान पाहते. मुंबई-पुण्यातही आता सेंट बर्नार्ड दिसतात आणि ‘आपल्या उन्हाळ्यात आखूड केसांचा बरा का?’ असा प्रश्न विचारला जातो. विंचरण्याचे कष्ट थोडे कमी होतील, एवढेच. आतला दाट थर दोघांनाही आहे आणि तो हिमासाठीच घडला आहे.

१४/
माथ्यावर निवड करणाऱ्यांनी आधी हवामान पाहिले, मग काम, आणि रूप शेवटी. दरीत हा क्रम उलटला आणि जगाने दरीचे ऐकले. कुत्रा निवडताना मठाचा क्रम आठवला, तर निदान त्या मुक्या जिवाचे हाल टळतील.

(समाप्त)