गर्दीचें वजन

जिना आणि क्रीडांगणाचें प्रेक्षागार या दोन वास्तु दिसावयास भिन्न. परंतु स्थापत्यशास्त्राच्या दृष्टीनें प्रेक्षागार हा एक विशाल जिनाच होय. पायऱ्यांच्या रांगा, त्यांना तोलणाऱ्या तिरप्या तुळया आणि त्यांखालीं खांब. रचना तीच, प्रमाण मात्र मोठें.

आपला जुना जिना दगडी. सातारा जिल्ह्यांतील लिंब गांवची अठराव्या शतकांतील बारामोटेची विहीर पाहा. असल्या विहिरींत पायऱ्यांचा भार मुख्यतः भूमीच उचलते. काँक्रीटचा जिना मात्र दोन आधारांमध्यें अधांतरीं असतो. भारानें तो वांकूं पाहतो. वरच्या अंगास दाब पडतो, खालच्या अंगास ताण. काँक्रीट दाब सोसतें, ताण सोसत नाहीं. म्हणून तेथें पोलादी सळ्या घालतात. या युक्तीच्या बळावर मुंबईंत १९३७ सालीं ब्रेबॉर्न आणि १९७५ च्या आरंभीं वानखेडे ही क्रीडांगणें खेळासाठीं खुलीं झालीं.

परंतु गर्दीचें वजन निर्जीव नसतें. षट्कार बसतांच सहस्रावधि माणसें एकदम उठतात, नाचतात, कठड्यावर रेलतात. यास्तव भारतीय मानकांत घरगुती जिन्यास दर चौरस मीटरला सुमारें ३०० किलोग्रॅम, तर गर्दीच्या जिन्यास ५०० किलोग्रॅम भार धरावा लागतो. आणि सभास्थानाच्या कठड्यानें घरच्या कठड्याहून पुष्कळच अधिक आडवा रेटा सोसला पाहिजे.

हे आंकडे नुसते कागदी नव्हेत. ग्लासगो शहरीं आयब्रॉक्स क्रीडांगणाचा लांकडी प्रेक्षामंच १९०२ सालीं खचला. २५ जण गेले. आपल्या विदर्भांत, नागपुरास, २६ नोव्हेंबर १९९५ रोजीं भारत व न्यूझीलंड यांच्या सामन्याच्या दिवशीं प्रेक्षागाराची भिंत कोसळून ९ जण प्राणांस मुकले.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट निराळीच. त्याच आयब्रॉक्सच्या जिन्यावर १९७१ सालीं ६६ माणसें चेंगरून मेलीं. मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर २९ सप्टेंबर २०१७ रोजीं २३. दोन्हीं ठिकाणीं जिना मोडला नव्हता. माणसांस वाट अपुरी पडली होती. एल्फिन्स्टन रोडला पुढें सैन्यानें नवा पूल उभारला व तो २०१८ च्या फेब्रुवारींत खुला झाला.

तात्पर्य, सळ्यांचें गणित बरोबर असून भागत नाहीं. जिना किती भार उचलील याबरोबरच किती माणसें त्यावरून सुखरूप उतरतील, हेंही गणित बांधकामापूर्वींच मांडलें पाहिजे.