बटण कुठलंही दाबा, घर जळणारच!

१९६७ साली कॅनडात, मॉन्ट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाने एक अजब चित्रपट दाखवला. 'किनोऑटोमॅट' त्याचं नाव, राडूझ चिंचेरा त्याचा कर्ता. प्रत्येक खुर्चीला दोन बटणं, एक हिरवं, एक लाल. चित्रपट मध्येच थांबे, निवेदक रंगमंचावर येऊन विचारी, नायकाने आता काय करावं? बहुमत पडेल तसा पुढचा प्रसंग दिसे. मेख अशी की, काहीही निवडा, शेवटी आग लागायचीच. आणि ती आग सुरुवातीलाच दाखवलेली!

नातवंडं खेळतात ते गोष्टीचे व्हिडिओ गेम मला याच घराण्यातले वाटतात. तुम्ही ठरवाल तशी गोष्ट, हे म्हणणं सोपं. पण दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय देऊन प्रत्येक फाटा वेगळा ठेवला, तर १०२४ शेवट लिहावे लागतील. म्हणून फाटे फुटतात आणि पुन्हा मूळ वाटेला येऊन मिळतात.

'मास इफेक्ट' मालिका २००७ साली सुरू झाली. तुमचे निर्णय पुढे मोजले जातील, अशी आशा तिनेच लावली. २०१२ साली तिसऱ्या भागाचा शेवट पाहून खेळाडू इतके चिडले की बायोवेअर कंपनीने काही महिन्यांतच वाढवलेला शेवट फुकट दिला. मला तो राग रास्त वाटतो. चिंचेराने आग लपवली नव्हती. इथे मात्र शब्द दिला होता.

त्याच वर्षीच्या 'द वॉकिंग डेड'मध्ये कार्ली आणि डग यांपैकी एकालाच वाचवता येतं. जो वाचतो तोही पुढे मरतो. नायक लीसुद्धा वाचत नाही. तरी खेळणारे हळहळले, कारण छोटी क्लेमेंटाइन आपलं वागणं पाहत असते.

२०१५ च्या 'अंडरटेल'मध्ये तर एकालाही न मारता शेवट गाठता येतो. आणि एखाद्याला मारून, पस्तावून मागे गेलात, तरी खेळातलं एक पात्र तुम्हाला ते सुनावतंच.

आपल्याला हे नवं नाही. कर्णाचं पुढे काय होणार हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. तरी कृष्ण त्याला जन्मरहस्य सांगतो तेव्हा तो काय उत्तर देतो, याकडे आपले कान लागतात. कर्ण कोण होता, ते तिथे कळतं.

तेव्हा मंडळी, घरातल्या मुलांना 'जिंकलास का?' असं विचारण्याऐवजी 'कोणाला वाचवलंस, आणि का?' असं एकदा विचारून पाहा.