येसकराची भाकरी आणि विहारातला शिधा



आपल्या विहारातल्या धान्याच्या कपाटाचा हिशेब वहीत आहेच. इथं आम्ही त्याच्यामागचा इतिहास लिहितो. हा इतिहास पनवेलहून महाडला जाणाऱ्या रस्त्यावरचा आहे.

आपल्या आज्या-पणज्यांनी अन्नदान फार पाहिलं. येसकरपाळीचा महार दिवसभर गावकी करायचा आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागत फिरायचा. खरं तर ती त्याची मजुरीच. पण मिळायची काय, तर वरून टाकलेली शिळी भाकरी, आणि वर उपकाराची भाषा! १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा परमपूज्य बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टे तुकडे सोडा, असं निक्षून सांगितलं. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना आठवतं, हे तुकड्यांचं मात्र आपण विसरतो.

त्या परिषदेला माणसं लांबलांबून खांद्यावर भाकरी बांधून चालत आली होती. पाणी ४० रुपयांचं विकत घ्यावं लागलं. तळ्यावरून परतल्यावर, हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली. गुंडांनी मंडपात घुसून जेवणाऱ्यांना मारलं आणि अन्न मातीत कालवलं. डोकी फोडून भागलं नाही, अन्नसुद्धा नासवलं.

डिसेंबरात सत्याग्रह परिषद ठरली, तेव्हा महाडच्या व्यापाऱ्यांनी माल नाकारला. जागा दिली ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी. मग कार्यकर्त्यांनी धान्य बाहेरून आणून आधीच भरून ठेवलं. (आधी भरून ठेवणं म्हणजे काय, हे सोनबा येलवेंच्या मडक्याची गोष्ट ऐकलेल्या पनवेलकरांना सांगायला नको.) तो शिधा नसता तर हजारो माणसं तिथं राहिली असती का? २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं, त्यामागं ही पोतीही होती, असं आम्ही मानतो.

महाडची परिषद घडवणाऱ्यांतले रामचंद्र बाबाजी मोरे पुढं गिरणी कामगारांच्या चळवळीत गेले. १९२८ चा सहा महिन्यांचा संप असो की १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला अडीच लाख कामगारांचा, चुली पेटत्या ठेवायला धान्यच वाटावं लागलं. संपकऱ्याला कोणी भिकारी म्हटलं नाही.

आपलं कपाट २०२० च्या टाळेबंदीतलं. मुंबईहून कोकणाकडं पायी निघालेली माणसं पनवेलवरूनच जात होती. पुढं एका देणगीदाराने मुदत संपलेल्या बिस्किटांची खोकी पाठवली, सोबत फोटो काढणाराही. आम्ही ती परत केली. त्यावरून समितीत भांडण झालं. "गरिबाला कसली मुदत?" असं आपलेच लोक म्हणाले. येसकराच्या टोपलीत शिळी भाकरी टाकणारे दुसरं काय म्हणत होते?

तेव्हापासून नियम एकच: स्वतःच्या घरात शिजवाल तेच आणा. तांदूळ, तूरडाळ, चवळी, पोहे, गूळ, मीठ, तेलाची बंद पिशवी. सुकट चालते, मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात. वासाला नाक मुरडणारेही तीच आधी नेतात. तांदळात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. नेणाऱ्याचं नाव वहीत लिहीत नाही, फक्त माल आणि तारीख. पावसाळ्यात नाक्यावरची कामं बसतात, तेव्हा डाळ सगळ्यात आधी संपते. या वर्षी डाळ जेष्ठातच भरायची आहे.