शिकार आधी की परवाना आधी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वडनेर भोलजी हे माझे गाव. बुलडाणा जिल्ह्यात, नांदुरा तालुक्यात, मुंबईहून कोलकात्याकडे जाणाऱ्या महामार्गावर. आम्ही घाटाखालची माणसे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला बुलडाण्याचा घाट आणि मधे पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे. कापसाच्या गावातला माणूस परदेशी शिकाऱ्यांच्या परवान्यांवर काय बोलणार, असे कुणाला वाटेल. पण या गोष्टीचे एक टोक आपल्याच वऱ्हाड-नागपूरकडच्या जंगलांत आहे, आणि ते आपण विसरून गेलो आहोत.

ट्रॉफी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे क्रिकेटचा चषक येतो. शिकाऱ्यांच्या भाषेत ट्रॉफी म्हणजे मारलेल्या जनावराचे जपून ठेवलेले कातडे, मुंडके, शिंगे किंवा दात. आफ्रिकेत जाऊन शिकार करणाऱ्या अमेरिकी आणि युरोपीय शिकाऱ्यांची गेली कित्येक वर्षे एक तक्रार आहे. शिकार कायदेशीर झाली, तिकडच्या सरकारला पैसे भरले, पण ट्रॉफी घरी न्यायला स्वतःच्या देशाचा आयात परवाना लागतो आणि तो काही केल्या हाती पडत नाही. अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात. शिंगे तिकडच्या गोदामात, शिकारी इकडे घरी.

ही तक्रार खरी आहे. पण हा उशीर नवा नाही. तो पूर्वीही होता, फक्त दुसऱ्या जागी होता. माझे आजचे बोलणे एवढ्यापुरतेच आहे.

इंग्रजांच्या काळापासून सुरुवात करू. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. नांदुरा, मलकापूर, शेगाव ही स्टेशने याच मार्गावरची. कापूस वाहायला आलेल्या या रेल्वेने साहेब लोकांची जंगलाची वाटही सोपी केली. मेळघाट, बैतूल, बालाघाट, चांदा ही नावे लंडनच्या क्लबांत माहीत झाली. शिकारीला कागद लागत असे, नाही असे नाही. राखीव जंगलाचे भाग पाडलेले असत, त्यांना ब्लॉक म्हणत. वनखात्याकडून ठरावीक दिवसांसाठी एक ब्लॉक मिळायचा. पण तो कागद जंगलात शिरण्याचा होता. एकदा वाघ पडला की पुढे त्याचे कातडे कुठे जाते, कोणत्या बंदरातून कोणत्या देशात उतरते, हे विचारणारे कुणी नव्हते. गावातल्या माणसांनी हाका घालायचा, हल्या बांधायचा, मचाण उभारायचे. कातडे साहेबाचे.

स्वातंत्र्यानंतर हे बंद झाले असेल असा आपला समज असतो. तसे झाले नाही. उलट त्याचा रीतसर धंदा झाला. पन्नाशीच्या दशकात नागपुरात ॲलविन कूपर नावाची कंपनी निघाली. मध्य भारतातल्या जंगलांत पाहुण्यांसाठी मोठ्या शिकारीच्या आणि छायाचित्रणाच्या सफरी आखणे हे तिचे काम. ती काढणारा तरुण नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून नुकताच पदवी घेऊन बाहेर पडला होता. त्याचे नाव विद्याचरण शुक्ल. पुढे ते अनेक वर्षे केंद्रात मंत्री होते. अशा कंपन्या तेव्हा देशात बऱ्याच होत्या. डॉलर आणणारा व्यवसाय म्हणून सरकारचीही त्यांच्यावर मेहेरनजर होती. वाघ मारायला हिंदुस्थानात या, असे आमंत्रण उघड होते, आणि आज ज्या अमेरिकेत परवान्यासाठी शिकारी ताटकळतात, तिथलेच पाहुणे त्यात पुष्कळ असत.

मग त्या पाहुण्याला ट्रॉफी कधी मिळे? लगेच नाही. आणि इथेच तो जुना उशीर बसलेला होता.

कातडे सोलल्यावर ते मीठ लावून सावलीत वाळवावे लागते. उन्हात टाकले तर केस गळतात, मीठ कमी पडले तर कुजते. मग ते बांधून रवाना करायचे. कुठे? देशभरातली चांगली कातडी जात म्हैसूरला, व्हॅन इंजेन यांच्या कारखान्यात. युजीन व्हॅन इंजेन यांनी १९०० च्या सुमारास तो सुरू केला. त्यांच्या मुलांची नावे बोअर सेनापतींवरून ठेवलेली होती: डी वेट, बोथा, जूबर्ट. आम्हा बुलडाणेकरांना बोथा म्हटले की खामगाव-बुलडाणा रस्त्यावरचा बोथ्याचा घाट आठवतो, जिथे आज ज्ञानगंगा अभयारण्य आहे. नावापलीकडे दोन्हींचा संबंध नाही, तरी मला मात्र ते नाव वाचून दर वेळी आमचा घाट आठवतो.

आपण पेंढा भरलेला वाघ म्हणतो. व्हॅन इंजेनच्या वाघात पेंढा नसे. कागदाच्या लगद्याचा साचा करून त्यावर कातडे चढवीत. कान, ओठ, डोळे हे सगळे हाताचे काम. कमावणे, साचा, रंग, वाळवणे यात महिनोन्‌महिने जात, आणि मग पेटारा जहाजाने निघे. पॅट मॉरिस या इंग्रज अभ्यासकाने या कारखान्याच्या नोंदींवरून पुस्तक लिहिले आहे. एकट्या या एका ठिकाणी ४३ हजारांहून अधिक वाघ-बिबट्यांची कातडी हाताळली गेली, असा त्यांचा हिशेब. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा छपाईची चूक असेल असे वाटले. ती चूक नव्हती. १९९९ मध्ये कारखाना बंद झाला.

सांगायचे हे की त्या काळी थांबणे होते, पण ते कारागिराच्या हातासाठी होते. वाघ मेलेला असे, त्याच्याविषयी कुणाला काही ठरवायचे नसे.

१९६९ च्या अखेरीस दिल्लीत आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाची सभा भरली आणि वाघ संकटात आहे हे जगासमोर मांडले गेले. १९७० पासून वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या गणनेत देशभरात १,८२७ वाघ भरले. वर सांगितलेला ४३ हजारांचा आकडा याच्या शेजारी ठेवून पाहा. त्याच वर्षी सप्टेंबरात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला, त्यातल्या पहिल्या नऊ ठिकाणांत आपला मेळघाट होता. परवाना घेऊन शिकार करण्याची जी थोडीफार सोय उरली होती, तीही १९९१ च्या दुरुस्तीने गेली.

१९७३ च्या मार्च महिन्यात वॉशिंग्टनला एक करार झाला, तो साइटिस या नावाने ओळखला जातो. दुर्मीळ प्राणी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार. भारत त्यात १९७६ मध्ये सामील झाला. या कराराने ट्रॉफीच्या वाटेवर दोन कुलपे लावली. पहिल्या परिशिष्टातला, म्हणजे सर्वांत धोक्यातला प्राणी असेल, तर दोन परवाने लागतात. ज्या देशातून तो जायचा त्याचा निर्यात परवाना, आणि ज्या देशात जायचा त्याचा आयात परवाना. यातली खरी मेख क्रमात आहे. आयात परवाना मिळाल्याखेरीज निर्यात परवाना द्यायचा नाही. म्हणजे घेणाऱ्या देशाने आधी तपासायचे की ही वस्तू आल्याने रानातल्या त्या जातीला धोका तर होत नाही ना. अमेरिकेचा कायदा याच्याही पुढे जातो. धोका नाही एवढे पुरेसे नाही, त्या शिकारीने त्या जातीच्या रक्षणाला हातभार लागतो हे दिसले पाहिजे.

आता हे दाखवायचे कसे? त्या देशात किती जनावरे आहेत, दरवर्षी किती मारू देतात, पैसे कुठे जातात, ही सगळी माहिती मागवायची, तज्ज्ञांनी वाचायची, लोकांच्या हरकती ऐकायच्या. उशीर यातून होतो. कारकुनी ढिलाईही असेलच, कुठल्या देशात ती नसते? पण मुळात प्रश्नच वेळखाऊ आहे.

एक उदाहरण नामिबियाचे. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या कुनोच्या जंगलात आठ चित्ते जिथून आले, तोच हा देश. तिथे काळे गेंडे आहेत. २००४ मध्ये साइटिसने नामिबियाला वर्षाला पाच काळ्या गेंड्यांच्या शिकारीची मुभा दिली. २००९ मध्ये एका अमेरिकी शिकाऱ्याने तिथे गेंडा मारला आणि मग आयात परवाना मागितला. तो मिळाला २०१३ मध्ये. चार वर्षे! कित्येक वर्षांत अमेरिकेने काळ्या गेंड्याच्या ट्रॉफीला दिलेला हा पहिला परवाना होता.

पुढची शिकार निराळी झाली. जानेवारी २०१४ मध्ये डॅलस शहरात एका गेंड्याच्या शिकारीचा लिलाव झाला, साडेतीन लाख डॉलरला. लिलाव जिंकणाऱ्याने या वेळी बंदूक उचलली नाही. आधी परवान्याचा अर्ज केला आणि थांबला. जगभर ओरड झाली, त्याला धमक्या आल्या. मार्च २०१५ मध्ये परवाना मिळाला, मे महिन्यात तो नामिबियाला गेला आणि त्याने गेंडा मारला. दोन्ही वेळा गेंडा मेलाच, हे मी लपवीत नाही. पण पहिल्या वेळी चार वर्षे जो विचार चालला तो मेलेल्या गेंड्याविषयी होता. दुसऱ्या वेळी सव्वा वर्ष विचार चालला तेव्हा गेंडा रानात चरत होता आणि उत्तर 'नाही' असेही येऊ शकले असते. माझ्या मते हा फरक लहान नाही.

हत्तींचे प्रकरण तर राजकारणात गेले. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेने झिंबाब्वेतल्या हत्तींच्या ट्रॉफी घेणे थांबवले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारी खात्याने ते पुन्हा सुरू करण्याचे जाहीर केले, आणि दोन-तीन दिवसांत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ट्विटरवर लिहून निर्णय थांबवला. पुढच्या मार्चमध्ये ठरले की एकेक अर्ज सुटा पाहायचा. अर्थात गठ्ठे वाढले. ब्रिटनमध्ये ट्रॉफींच्या आयातीवर बंदीचे विधेयक मार्च २०२३ मध्ये कॉमन्समध्ये मंजूर झाले आणि लॉर्ड्सच्या सभागृहात अडकून पडले. म्हणजे परवान्याला उशीर, आणि परवाना बंद करणाऱ्या कायद्यालाही उशीर.

शिकाऱ्यांची बाजू मी उडवून लावणार नाही. नामिबियात १९९६ च्या कायद्याने गावांना आपल्या परिसरातल्या वन्यप्राण्यांवर हक्क मिळाला, शिकारीच्या पैशाचा वाटा गावाला मिळतो आणि म्हणून गाव जनावर राखते, असे तिथले लोक सांगतात. आमच्याकडे रोही आणि रानडुकरे रातोरात उभे पीक फस्त करतात. ती मारण्याच्या परवानगीची तरतूद आमच्या कायद्यात आहे, पण कागद हाती येईतो शेत उरत नाही, हे घाटाखालच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. उशिराची किंमत परवाना देणारा मोजत नाही, ती भलताच कुणी मोजतो. मात्र नागपूरच्या सफरींत हाका घालणाऱ्या गावांना त्या डॉलरमधले काय मिळाले? दिवसाची मजुरी. नामिबियाचा युक्तिवाद आपल्या जुन्या शिकारीला लावू नये.

आता आपल्या घरातल्या ट्रॉफींचे. आमच्या भागातल्या एका जुन्या वाड्यात बिबट्याचे एक कातडे आणि सांबराची शिंगे आहेत, मालकांच्या आजोबांच्या काळातली. १९७२ च्या कायद्याने अशा वस्तू जाहीर करून मालकीचे प्रमाणपत्र घ्यायचे होते. खेड्यापाड्यांत किती जणांना ते कळले असेल? म्हणून एप्रिल २००३ मध्ये सरकारने पुन्हा १८० दिवसांची मुदत दिली. मास्तर म्हणून अर्ज लिहून द्यायला त्यांनी मला बोलावले. कातड्याची लांबी, रुंदी, रंग, कुठे फाटले आहे, सगळे आम्ही लिहिले. शिंगे मोजायला सुताराची टेप आणली. अर्ज मुदतीत गेला. मग वर्षे गेली. पाहणीला कुणी आले, एक कागद कमी म्हणून परत गेले, पुन्हा आले. प्रमाणपत्र आले तेव्हा ज्यांच्या सहीने अर्ज गेला होता ते मालक हयात नव्हते. आता पुन्हा वारसाचे नाव लावणे आले, कारण अशी वस्तू विकता येत नाही, भेट देता येत नाही, फक्त वारशाने जाते.

मालकांचा नातू पुण्यात नोकरी करतो. त्याला ते कातडे नको आहे. घरी लहान मुलगी आहे, ती त्याला घाबरते. डिसेंबर २०१९ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत आलेला एक पट्टेवाला वाघ आमच्या ज्ञानगंगेत पोचला, त्याच्या गळ्यातल्या कॉलरमुळे त्याची सगळी वाट नकाशावर उमटली होती. तो नकाशा त्या मुलीने भिंतीवर लावला आहे.

नातवाने मला विचारले, हे परत देता येते का? येते. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यात नवे कलम आले आहे, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. प्रमाणपत्र असलेल्या माणसाला वस्तू नको असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांना नोटीस द्यायची आणि ती स्वाधीन करायची. मोबदला काही मिळत नाही, वस्तू राज्य सरकारची होते. नोटिशीची मुदत आहे कामकाजाचे सात दिवस. पण आधी वारसाचे नाव लागायला हवे, आणि तो अर्ज मी गेल्या महिन्यात लिहून दिला आहे.