काव्य : इतिहासाचा साक्षीदार

जाफराबाद परिसराच्या बौद्ध इतिहासाचा विचार करताना केवळ शिलालेख आणि नाणी यांवर विसंबून चालत नाही. काव्यालाही साक्षीस बोलवावे लागते. मात्र उलटतपासणीखेरीज कोणतीही साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

सुत्तनिपातातील पारायणवग्गाचे उदाहरण घेऊ. त्याच्या प्रास्ताविक गाथांत गोदावरीकाठच्या बावरीचे सोळा शिष्य पतिट्ठान म्हणजे पैठण, माहिस्सती, उज्जेनी, वेदिसा या मार्गाने तथागतांच्या भेटीस जातात. यावरून बुद्धांच्या हयातीतच मराठवाड्यात धम्म पोहोचला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु चुल्लनिद्देस या प्राचीन भाष्यात पारायणवग्गातील प्रश्नोत्तरांचे विवरण आहे, प्रास्ताविक गाथांचे नाही. म्हणून त्या मागाहून जोडल्या गेल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. मग त्या टाकाऊ ठरतात काय? मुळीच नाही. बावरी होऊन गेला, हे त्या सिद्ध करीत नाहीत. पैठणहून विदिशेकडे जाणारा मार्ग गाथाकारांना ठाऊक होता, हे मात्र त्या निश्चितपणे सांगतात.

आता जाफराबादच्या शेजारचे भोकरदन पाहू. विदिशेजवळच्या सांची येथील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नोंद आहे. भोगवर्धन म्हणजेच भोकरदन. १९७३ च्या उत्खननात तेथे सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले. गाथेतील वाट आणि लेखातील दाते अशा रीतीने परस्परांना दुजोरा देतात.

ज्या समाजाला शतकानुशतके लेखणी नाकारली गेली, त्याच्यासाठी हा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या उपक्रमात १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांच्या बाबासाहेबांवरील ओव्या नोंदविल्या गेल्या. या ओव्यांत घटनांच्या तारखा शोधू नयेत. आपल्या जीवनातील स्थित्यंतराचा अर्थ स्त्रियांनी कसा लावला, हे त्यांत शोधावे. दफ्तरात ते सापडणार नाही.

'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत पुराव्याची साखळी तुटलेली असताना इतिहासकाराने काय करावे, याची चर्चा बाबासाहेबांनी केली आहे. तीच शिस्त आपण पाळली पाहिजे. जाफराबादच्या वस्त्यांतील ओव्या आणि भीमगीते नोंदविताना गाणाऱ्याचे नाव, गाव, वय आणि नोंदीचा दिनांक अवश्य लिहावा. तरच उद्याच्या संशोधकाला त्या साक्षीची उलटतपासणी करता येईल.