एक्स-रे स्पेक्स

लंडनमधील पंक रॉक बँड (१९७६–७९). गायिका आणि गीतकार पॉली स्टायरीन (मूळ नाव मॅरिअन जोन इलियट-सेड, १९५७–२०११) हिने तो उभा केला. वडील सोमाली, आई ब्रिटिश. पॉली वाढली ब्रिक्स्टनमध्ये. ३ जुलै १९७६ रोजी, एकोणिसाव्या वाढदिवशी, हेस्टिंग्जच्या समुद्रधक्क्यावर तिने सेक्स पिस्टल्सचे वादन ऐकले आणि लगेच जाहिरात देऊन साथीदार जमवले. गिटारवर जॅक एअरपोर्ट, बेसवर पॉल डीन, ड्रमवर पुढे बी. पी. हर्डिंग आले. सॅक्सोफोन घेऊन आली लोरा लॉजिक, वय अवघे सोळा.

पंकमध्ये सॅक्सोफोन हे तेव्हा नवलच होते. गिटारच्या खरखरीवर तो कर्कश, किंचित बेसूर चढतो, आणि बँडची ओळख पटते ती तिथेच. ‘ओह बॉन्डेज अप युवर्स!’ (१९७७) या पहिल्या एकल रेकॉर्डच्या आरंभी पॉली गोड, समजूतदार मुलीच्या आवाजात बोलते आणि दुसऱ्याच क्षणी गळा फाटेस्तोवर ओरडते. बाईने मुकाट राहावे या अपेक्षेला इतके थेट उत्तर त्या काळच्या रॉकमध्ये क्वचितच मिळाले असेल. दातांना तारा, अंगात भडक रंगांचे विजोड कपडे: रॉकमधली गायिका कशी दिसावी याचे सारे संकेत तिने धुडकावले.

लोराला लवकरच बाजूला करण्यात आले. हा निर्णय अन्यायाचाच होता. तिने बसवलेल्या सुरावटी पुढच्या वादकांनी चालू ठेवल्या. एप्रिल १९७८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमधील वंशवादविरोधी मेळाव्यात बँड प्रचंड जनसमुदायापुढे वाजला. त्याच वर्षी ‘जर्मफ्री ॲडॉलेसन्ट्स’ हा अल्बम निघाला. प्लास्टिक, जाहिराती, जंतुनाशके आणि आरशातली ओळख हे त्याचे विषय. राजकीय घोषणांच्या त्या गदारोळात दुकानातल्या फळीकडे इतक्या बारकाईने पाहणारा दुसरा पंक अल्बम सापडणे कठीण. शीर्षकगीत एकल रेकॉर्डच्या ब्रिटिश विक्रीयादीत १९व्या क्रमांकापर्यंत गेले.

सततचे दौरे पॉलीला झेपेनात, तिची मानसिक प्रकृती ढासळली आणि १९७९ मध्ये ती बाहेर पडली. बँड तिथेच संपला. पुढे पॉली आणि लोरा दोघीही हरेकृष्ण पंथात गेल्या. १९९५ मध्ये दोघी ‘कॉन्शस कन्झ्यूमर’ या अल्बमसाठी पुन्हा एकत्र आल्या. पॉलीची मुलगी सेलेस्ट बेल हिने सहदिग्दर्शित केलेला आईवरील माहितीपट २०२१ मध्ये प्रदर्शित झाला.