‘मान्सून’ : एका मोसमाचा बँड

‘आप जैसा कोई’ ठाऊक नाही असा माझ्या पिढीचा माणूस विरळाच. १९८० च्या ‘कुर्बानी’साठी बिद्दू यांनी ते गाणं लंडनमध्ये केलं आणि नाझिया हसन ही शाळकरी मुलगी घराघरात पोचली. तिच्याच वयाची, १९६५ मध्येच जन्मलेली शीला चंद्रा तेव्हा त्याच लंडनमध्ये होती. तिचं घराणं दक्षिण भारतीय. बीबीसीच्या ‘ग्रेंज हिल’ या शालेय मालिकेत ती काम करत होती. तिच्या बँडबद्दल मराठीत काही लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही.

पंकची धुमाळी ओसरली होती आणि न्यू वेव्हवाले नवनव्या आवाजांच्या शोधात होते. संगीतकार स्टीव्ह को यांना आपल्या रागसंगीतानं ओढलं होतं. कॉर्ड बदलत राहण्याची पाश्चात्त्य सवय आवरायची, एका स्थिर सुराभोवती चाल फिरवायची आणि तरीही ते पॉप गाणंच राहू द्यायचं, अशी त्यांची कल्पना. सोबतीला मार्टिन स्मिथ आणि गायला शीला. नाव ठेवलं ‘मान्सून’. सुरुवातीच्या रेकॉर्डी को यांच्याच ‘इंडीपॉप’ या छोट्या लेबलवर निघाल्या. मग फोनोग्रॅमसारख्या बड्या कंपनीनं करार केला.

१९८२ च्या वसंतात ‘एव्हर सो लोनली’ ब्रिटिश यादीत १२ व्या क्रमांकावर गेलं. सतरा वर्षांची शीला भारतीय पेहरावात ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये गायली. आदल्याच वर्षी साउथॉलमध्ये दंगल पेटली होती, नवा नागरिकत्व कायदा झाला होता. त्या देशाच्या दिवाणखान्यात सतार-तबला अशा रीतीनं शिरला, ही गोष्ट मला तरी किरकोळ वाटत नाही.

पुढचं ‘शक्ती’ पहिल्या चाळिसातही आलं नाही. मग बीटल्सच्या १९६६ मधल्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’वर हात टाकला. तंबोऱ्याच्या नादावर उभं राहिलेलं, भारताची ओढ लागलेल्या गोऱ्या तरुणांचं ते गाणं आता भारतीय वंशाची मुलगी गात होती. तेही चाललं नाही. संगीताची दिशा कोणी ठरवायची यावरून कंपनीशी बिनसलं आणि १९८२ संपायच्या आत बँड मोडला. ‘थर्ड आय’ हा एकमेव अल्बम १९८३ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्यामागे बँडच उरला नव्हता!

मला या मोडण्याचं फारसं दुःख होत नाही. हिट गाण्याच्या मागोमाग तसंच दुसरं, तिसरं करत राहिली असती तर शीला एक गोड चेहरा म्हणूनच उरली असती. त्याऐवजी को यांच्यासह ती पुन्हा ‘इंडीपॉप’कडे वळली, १९८४-८५ या दोन वर्षांत चार अल्बम केले. १९९२ च्या ‘वीव्हिंग माय ॲन्सेस्टर्स व्हॉइसेस’मध्ये तर जवळजवळ सगळा वाद्यमेळ गळून गेला. राहिला तो गळा आणि त्याखालचा अखंड सूर. त्यात ती कर्नाटकी तालाचे बोल ज्या वेगानं म्हणते, ते ऐकताना सतार-तबल्याची सजावट आठवतही नाही.

२००२ मध्ये ‘जकाटा’नं ‘एव्हर सो लोनली’ नव्या ठेक्यावर बसवलं आणि ते मूळ गाण्याच्याही वर, आठव्या क्रमांकावर गेलं. त्यानंतर काही वर्षांनी तोंडात सतत आग होण्याच्या एका विकारामुळे शीलाला गाणं थांबवावं लागलं.